अकारविल्हे यादी

"यादी अकारविल्हे लाव, अम्मा, मग पाठव," शेषगिरीराव म्हणाले.

"काय लावू, सर?"

"अकारविल्हे. ए-बी-सी-डी. नाव शोधायला सोपं पडतं. तुमच्या नागपुरास हा शब्द गेला नाही की काय?"

सुखदाने घड्याळाकडे पाहिलं. शुक्रवारचे पावणेपाच वाजले होते. पाच वाजता कंपनीची बस होसकोटेच्या कारखान्यातून शहरातल्या महादेवपुऱ्याकडे निघायची, आणि ती चुकली की पुढचे दोन तास रस्त्यावरच्या ट्रकांचे मागचे बंपर वाचत काढावे लागायचे. एरवी तिने शेषगिरीरावांशी वाद घातला असता. यादी विभागवार होती आणि विभागवारच बरी होती. पण शेषगिरीराव कारखान्याचे जनरल मॅनेजर होते. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचं घराणं मराठी घेऊन इकडे आलं, आणि तेव्हाची ती मराठी त्यांनी कानडीच्या संगतीने जपून ठेवली होती. त्या मराठीत एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची पद्धत नव्हती.

ती यादी म्हणजे सुखदाचा जीव की प्राण होती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या या कारखान्यात ती पाच महिन्यांपूर्वी सुरक्षा अधिकारी म्हणून लागली होती. नव्या मोठ्या खरेदीदाराने अट घातली होती, की सगळ्या कामगारांची एकच ठरलेली तपासणी उरकून चालणार नाही. कोण काय काम करतो, त्याच्या नाकात काय जातं, कानावर काय आदळतं, हे आधी बघा आणि त्यावरून ज्याची त्याची तपासणी ठरवा. हे वाक्य सुखदाने फारच मनावर घेतलं. सहा आठवडे ती वही घेऊन लोकांच्या पाठीशी उभी राहिली. फाउंड्रीत साचे फोडणारा माणूस दिवसात किती वेळा वाकतो, ग्राइंडरवाल्याच्या तोंडावरचा रुमाल किती वेळा घसरतो, हे तिने मोजलं. कुणी शिंकलं तरी ते वहीत जायचं. शेवटी दोनशे बारा ओळींची यादी तयार झाली. नाव, काम, धोका, तपासणी. वरपासून खालपर्यंत सगळे, शेषगिरीरावसुद्धा.

तिने नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हेचं बटण दाबलं. कम्प्युटरने एक प्रश्न विचारला. कम्प्युटर दिवसातून असे शंभर प्रश्न विचारतो, आणि बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. 'आहे तसंच पुढे चला' अशा अर्थाचं काहीतरी तिने दाबलं, यादी तपासणीवाल्या संस्थेला धाडली आणि धावत जाऊन बस पकडली.

नावं अकारविल्हे लागली होती. कामं आणि तपासण्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

सोमवारी सकाळी तपासणीची भलीमोठी गाडी कारखान्याच्या आवारात येऊन उभी राहिली. तिच्यासोबत डॉ. सौम्या आल्या आणि दोनशे बारा बंद पाकिटं आली. प्रत्येक पाकिटावर नाव, आत तपासण्यांची नावं आणि काही सूचना. कामगार मात्र गाडीपासून चांगले वीस हात लांब उभे होते. शनिवारपासून कारखान्यात बातमी फिरत होती की, जो तपासणीत नापास तो घरी.

शेषगिरीराव एका पालथ्या खोक्यावर चढले. उंचीने ते बेताचे होते, पण त्यांची मिशी तशी नव्हती. ती ओठांवरून निघून दोन्ही गालांवर ऐसपैस पसरायची आणि कानांच्या दिशेने वळून थांबायची. एकतीस वर्षांची मिशी होती ती. आपल्या गाडीतून उतरण्याआधी ते आरशात पाहून तिच्यावर कंगवा फिरवत, आणि तोवर ड्रायव्हर दार धरून उभा राही.

"कुणी कुणाला घालवणार नाही," ते कानडीत म्हणाले. "हा माझा शब्द. आणि शब्द नुसता तोंडाचा नको, म्हणून सांगतो, माझ्या पाकिटात जे लिहिलं असेल ते मी पहिल्यांदा पुरं करणार. जसंच्या तसं. मग तुम्ही."

त्यांनी सर्वांसमोर पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रक्ताची तपासणी. फुप्फुसांची तपासणी. मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसतो की नाही, त्याची तपासणी. सूचना." इथे त्यांचा आवाज जरा मंदावला. "मुखवट्याच्या कडेखाली येणारे चेहऱ्यावरचे सर्व केस... काढून यावे."

दोनशे अकरा माणसं एकाच जागी बघत होती.

मुखवट्याची तपासणी सुखदाने फक्त पंपांना रंग मारणाऱ्या स्प्रे बूथच्या माणसांसाठी लिहिली होती. मुखवटा आणि कातडी यांच्यामध्ये केस आले की फट राहते आणि रंगाची वाफ आत जाते, म्हणून ती सूचनाही तिचीच. पण ती शेषगिरीरावांच्या पाकिटात कशी शिरली?

"सर, एक मिनिट," ती पुढे झाली. "मी एकदा बघून घेते. काहीतरी..."

"नको, अम्मा." शेषगिरीराव खोक्यावरून उतरले. "मॅनेजर आहे म्हणून सवलत द्यायची नाही. मी सगळ्या कारखान्यातून हिंडतो, मला मुखवटा लागणारच. सरी, ठरलं." त्यांनी खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला, ऑपरेशनला जाणारा माणूस देतो तसा, आणि ते आपल्या गाडीत बसून निघून गेले.

सुखदा धावतच कम्प्युटरपाशी गेली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीला तिने कपाळावर हात मारला. हिशेबनिसाच्या नावापुढे वितळलेलं लोखंड ओतणं होतं. गेटवरच्या पहारेकऱ्यापुढे गरोदरपणात जड न उचलण्याची सूचना होती. शेषगिरीरावांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'स्प्रे बूथमध्ये रंग मारणे, रोज सात तास.' त्यांना फोन करावा म्हणून तिने नंबर लावला, आणि फोन तिच्याच हातात वाजला.

आवारात स्प्रे बूथचा रविकिरण मोटरसायकल पुसत उभा होता. "रविकिरण, बाजारात चल! सलूनवर! लवकर!" ती मागे बसली. मोटरसायकल गेटबाहेर पडली तसा रविकिरण आपल्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या कानडीत बोलू लागला.

"मॅडम, थँक्यू."

"कशाबद्दल?"

"माझ्या पाकिटात लिहिलंय. कम्प्युटरवर बसणाऱ्याची डोळ्यांची तपासणी. खुर्चीवर पाठ सरळ ठेवा म्हणून पण लिहिलंय. नऊ वर्षं बूथमध्ये उभा आहे, मॅडम. तुम्ही सहा दिवस मागे उभ्या राहून बघत होता, तेव्हाच बायकोला म्हणालो, ही मॅडम माझ्यासाठी काहीतरी करणार. आत्ताच फोन केला तिला. तिने तिच्या बापाला केला."

सुखदाने डोळे मिटून घेतले. "तिच्या बापाला?"

"तो मला नेहमी रंगारी म्हणतो," रविकिरण म्हणाला, आणि आनंदाने त्याने एक्सलरेटर पिळला.

सलूनचं दार ढकलून सुखदा आत शिरली तेव्हा शेषगिरीराव डोळे मिटून खुर्चीत बसले होते. डाव्या गालावरची मिशी जागच्या जागी होती. उजव्या गालावरची जमिनीवर होती.

"कोण?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"मी, सर. सुखदा."

"काय झालं, अम्मा?"

सगळं सांगायचं असं ठरवूनच ती आली होती. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण अर्धी मिशी गेलेल्या माणसाला ते वाक्य कसं सांगायचं? उरलेल्या अर्ध्या मिशीचं तो काय करणार? न्हावी वस्तरा वर धरून तिच्याकडे बघत होता.

"काही नाही, सर," ती म्हणाली. "सहज... बघायला आले."

"धीर द्यायला आलीस. बरं केलंस." त्यांनी न्हाव्याला खूण केली. "चालू दे."

परत आल्यावर गेटवरच्या पहारेकऱ्याने शेषगिरीरावांची गाडी अडवली. गाडी ओळखीची आहे, पण आत कोण आहे, असं त्याने ड्रायव्हरला विचारलं. शेषगिरीराव काच खाली करून कानडीत चार शब्द बोलले, तेव्हा तो आवाजावरून ओळखून एकदम ताठ झाला. ते गाडीतून उतरले. त्यांच्या वरच्या ओठावर एक पांढुरका पट्टा उमटला होता, एकतीस वर्षं ऊन न लागलेला. सरळ चालत जाऊन ते तपासणीच्या गाडीत शिरले. वीस हात लांब उभे असलेले सगळे कामगार, कुणी काही न सांगता, त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले.

आता काय करायचं? तपासणी थांबवून यादी चुकली म्हणून सांगावं, तर ही रांग पुन्हा कधी लागणार नव्हती. न सांगावं, तर फाउंड्रीवाल्याची फुप्फुसं तशीच राहून हिशेबनिसाच्या छातीचा फोटो निघणार. सुखदा पाच मिनिटं जिन्यावर बसून राहिली. मग उठली. चूक आपली आहे, आपणच निस्तरायची, आणि एकही माणूस त्यातून सुटता कामा नये, असं तिने स्वतःला बजावलं. तिने जुनी विभागवार यादी शोधून काढली, छापली आणि ती डॉ. सौम्यांपुढे नेऊन ठेवली.

डॉ. सौम्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. "चाळीस जणांची झाली आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "ती वाया जाऊ द्या. आता पुढच्यांची या यादीने करते, आणि त्या चाळिसांची गुरुवारी परत. तुमच्या मॅनेजरचं मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं."

"काय झालं?"

"मी विचारलं, रंगाचं काम किती वर्षांपासून करता? ते जरा लाजले. हळूच म्हणाले, आठ. विचारलं, रोज? म्हणाले, छे, महिन्यातून एकदा, रविवारी. कुठे करता? तर घरी, बायको लावून देते. मुखवटा लावता का विचारलं, तर म्हणाले, खांद्यावर जुना टॉवेल घेतो."

सुखदाने ओठ घट्ट दाबून धरले. शेषगिरीरावांचे केस त्यांच्या वयाच्या मानाने फारच काळे होते.

"पण तुम्ही आलात ते बरं झालं," डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "चाळिसांतला हा एक मला समजत नाही. फाउंड्रीतल्या या बाई. तीनदा फुंकायला लावलं. फुप्फुसं निम्मीच काम करतात. किती वर्षं वाळूच्या धुळीत आहेत?"

सुखदाने नाव वाचलं. गोजराबाई.

"या फाउंड्रीत नाहीत," ती म्हणाली. "या कॅन्टीनमध्ये सांबार करतात."

"मग सांबार करताना यांच्या छातीत काय जातं?"

सुखदाने छापील यादीचं शेवटचं पान उलटलं. अगदी तळाशी कॅन्टीनची ओळ होती. 'स्वयंपाक. धोका नाही. तपासणी नको.' सहा आठवडे ती सगळ्यांच्या पाठीशी उभी राहिली होती, पण ही एक ओळ तिने कॅन्टीनच्या टेबलाशी बसून, उप्पीट खाता खाता लिहिली होती. आणि अकारविल्हेच्या घोटाळ्यात ती ओळ गोजराबाईंच्या वाट्याला आलीच नव्हती, म्हणून तर त्यांची तपासणी झाली. यादी बरोबर असती तर गोजराबाई गाडीकडे फिरकल्यासुद्धा नसत्या.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी बघून येते."

मंगळवारी सकाळी आठला ती वही घेऊन कॅन्टीनच्या मागच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. तिथे गॅसच्या दोन शेगड्या होत्या, त्या चहा आणि डोशासाठी. भाताचं आणि सांबाराचं मोठं पातेलं मात्र तीन दगडांवर होतं, आणि खाली पंपांच्या मोडक्या खोक्यांची फळकुटं जळत होती. रंग लागलेली, खिळ्यांसकट. धूर वर जायचा, पत्र्याला धडकायचा आणि पुन्हा खाली यायचा. भिंतीतल्या पंख्याची पाती कोळिष्टकांनी जाम झाली होती. एकुलत्या एका खिडकीवर आडवी फळी ठोकलेली होती.

"बाई, हितं कशाला उभ्या ऱ्हायलाय?" गोजराबाई म्हणाल्या. जतकडून तीस वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत त्या होसकोटेला आल्या होत्या, आणि त्यांच्या मराठीला अजून जतचा हेल होता. "आज मिरच्या भाजायच्या हायती. तुमास्नी सोसायचं न्हाई."

"तुम्हाला सोसतं?"

"मला काय धाड भरलीया?" असं म्हणून गोजराबाईंनी मोठ्या कढईत टोपलीभर ब्याडगी ओतली.

सुखदाने ठरवलं होतं की इतरांच्या मागे एका वेळी उभी राहिले तितकंच इथे उभं राहायचं, एक तास. चौथ्या मिनिटाला तिचे डोळे वाहू लागले. दहाव्या मिनिटाला वहीतली अक्षरं दिसेनाशी झाली. विसाव्या मिनिटाला तिला असा ठसका लागला की ती दाराबाहेर जाऊन पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि पुन्हा आत आली. गोजराबाई झारा हलवत होत्या. मधूनच त्या भिंतीकडे तोंड करायच्या, पदर तोंडात कोंबायच्या, खांदे दोन-तीनदा उडायचे, आणि मग काही झालंच नाही अशा त्या पुन्हा कढईकडे वळायच्या.

"खोकला कधीपासून आहे, गोजराबाई?"

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला खोकलाच न्हाई."

"डॉक्टरांच्या कागदावर आहे."

झारा थांबला. गोजराबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "ते कुनाला सांगू नगा, बाई. पाया पडते. म्हातारी झाली म्हून काडून टाकत्याल. घरी बसून काय करू? ह्यो सांबार मी केल्याबिगर ह्या पोरांच्या घशाखाली उतरत न्हाई."

"खिडकी कुणी बंद केली?"

"सायबांनी. चार वर्सं झाली. धूर त्यांच्या क्याबिनीत जातुया म्हनं."

सुखदाने उरलेली चाळीस मिनिटं उभ्यानेच काढली. मग ती शेडमधून निघाली आणि तशीच, लाल डोळ्यांनी, केसांना धुराचा वास घेऊन शेषगिरीरावांच्या केबिनमध्ये शिरली. ते खिडकीच्या काचेत आपला ओठ निरखत होते.

"सर, माझ्यासोबत पाच मिनिटं चला."

"कुठे? आणि रडतेस काय, अम्मा?"

"रडत नाही. कॅन्टीनमध्ये चला."

"मी घरचा डबा खातो."

"म्हणूनच म्हणते चला."

शेषगिरीराव आले, ते मुख्यतः तिला शांत करायला. शेडमध्ये शिरले आणि "इथे काय..." एवढं म्हणून जे खोकू लागले ते बराच वेळ थांबेनात. खोकता खोकता त्यांनी पत्रा पाहिला, पंखा पाहिला, मग खिडकी पाहिली. खिडकीवरच्या फळीवर त्यांचीच सही असलेला, पिवळा पडलेला कागद होता: 'उघडू नये.'

"हे... मी?"

"हो, सर. या बाईंची फुप्फुसं निम्मी राहिली आहेत. आणि यादीत मी लिहिलं होतं, धोका नाही. तुम्ही खिडकी बंद केली, मी डोळे."

हे वाक्य तिने आधी ठरवलेलं नव्हतं. शेषगिरीरावांनी दाराशी जाऊन मेन्टेनन्सच्या माणसाकडून पक्कड मागून घेतली आणि फळीचा पहिला खिळा पकडला. खिळा गंजलेला होता. माणूस मदतीला पुढे झाला तर त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारलं. चार खिळ्यांना दहा मिनिटं लागली, शर्टाची बाही फाटली, शेवटच्या खिळ्याला फळीसकट ते दोन पावलं मागे गेले. मग शेडमधला धूर बाहेर पडू लागला आणि सरळ त्यांच्या केबिनकडे निघाला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "लाकडं आजपासून बंद. गॅसच्या मोठ्या शेगड्या आणि पंखा या आठवड्यात लागला पाहिजे."

गोजराबाई पदर तोंडावर धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. "सायेब, मला घालवू नगा."

"आधी तुझं औषधपाणी कंपनी करील. मग तुला हवं तितकी वर्षं सांबार कर. शब्द देतो."

गोजराबाईंनी त्यांच्या ओठावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे जरा वेळ पाहिलं. "दिला म्हंजी पाळशीला," त्या म्हणाल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला न लपवता पोटभर खोकल्या.

बाहेर आल्यावर सुखदाने श्वास घेतला. आता नाही तर कधीच नाही. "सर, अजून एक सांगायचं आहे. यादी... शुक्रवारी अकारविल्हे लावताना फक्त नावं हलली. बाकीचं तिथंच राहिलं. सगळ्यांच्या तपासण्या दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. मी काल दुपारी डॉक्टरांना खरी यादी दिली आहे. पण तोवर..."

शेषगिरीराव थांबले. "तोवर माझी झाली होती."

"हो."

"माझं पाकीट कुणाचं होतं?"

"रविकिरणचं. स्प्रे बूथ."

"आणि माझं खरं पाकीट?"

"बैठं काम. डोळे आणि पाठ."

"मिशीस काही नाही?"

"नाही, सर. मिशी ठेवता आली असती." तिने पर्समधून राजीनाम्याचा कागद काढला. तो तिने पहाटे उठून लिहिला होता.

शेषगिरीरावांनी तो वाचला नाही. घडी करून खिशात टाकला आणि सवयीने हात ओठाकडे नेला. तिथे काही नव्हतं, म्हणून तो हनुवटीवर ठेवला.

"काल घरी गेलो. विमला, माझी बायको, दार उघडून बघत राहिली. म्हणाली, एकतीस वर्षांनी तुमचं तोंड बघते आहे, बरं आहे की. मग रात्री तिने माझ्या बहिणींना, सुनेला, सगळ्यांना फोन करून सांगितलं, ह्यांनी कामगारांसाठी मिशी दिली. आता तिला काय सांगू? तुमच्या कम्प्युटरने दिली म्हणून?"

"सर, माझी चूक आहे, मी घरी येऊन..."

"आणि ते दोनशे अकरा लोक? मिशी बघून रांगेत राहिले ना ते? ती चुकून गेली म्हटलं, तर पुढच्या शब्दास कोण विचारील?" ते दोन पावलं चालले, परत आले. "सगळ्यांच्या ओळी नीट कर. गोजराबाईची नव्याने लिही. माझी ओळ आहे तशी राहू दे."

"ते नाही होणार, सर."

"का?"

"खोटी होईल. तुम्ही रंग मारत नाही."

शेषगिरीरावांनी तिच्याकडे पाहिलं. सुखदाने मान खाली घातली नाही. नोकरी गेलीच होती, तर यादी तरी खरी राहू दे, असं तिचं सरळ गणित होतं.

"सरी," शेवटी ते म्हणाले. "सोमवारपासून मारीन. रोज एक तास. मग झाली ना खरी?"

सुखदाने तोंड उघडलं तेव्हा तिच्यातली सुरक्षा अधिकारी बोलली. "सात तासांच्या जागी एक तास लिहीन. पण ट्रेनिंगशिवाय मी बूथमध्ये कुणालाही सोडत नाही, सर. रविकिरणच्या हाताखाली शिकावं लागेल. तो पास करेपर्यंत."

"स्वल्प कडकच आहेस," असं म्हणून शेषगिरीराव केबिनकडे गेले. केबिन धुराने भरली होती.

रविकिरणला खरं सांगणं तिला सगळ्यात जड गेलं. तो ऐकत राहिला, हसला, म्हणाला, "डॉक्टरांनी मला मुखवटा लावून बघितलं तेव्हाच वाटलं होतं, मॅडम. पण सासऱ्याला कसं सांगू, ते कळत नव्हतं." तेव्हा सुखदाने त्याला सांगितलं की नव्या शिकाऊ माणसाची रोजची नोंद कम्प्युटरवर करायची आहे, आणि ती शिकवणाऱ्यानेच करायची असते. रोज तास-दीड तास बसावं लागेल. शिकाऊ माणूस कोण, हे ऐकल्यावर रविकिरण खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि बराच वेळ बसेना.

गुरुवारी चाळिसांची तपासणी पुन्हा झाली, ज्याची त्याला. शनिवारी शेडमध्ये नवा पंखा लागला.

पुढच्या बुधवारी खरेदीदाराकडून महानंदा मॅडम तपासणीला आल्या. धारवाडच्या होत्या, आणि कागदावरचं प्रत्येक अक्षर जागेवर जाऊन पडताळायची त्यांना सवय होती. कॅन्टीनमध्ये त्यांनी पंख्याखाली हात धरून पाहिला, गोजराबाईंची औषधं पाहिली, दोन वाट्या सांबार प्यायल्या. फाउंड्री पाहिली. मग यादी घेऊन त्या स्प्रे बूथपाशी आल्या. काचेच्या आत दोन मुखवटे घातलेली माणसं होती. त्यातला एक बुटका माणूस स्प्रेगन दोन्ही हातांनी धरून एका पंपावर निळा रंग मारत होता. पंपाच्या खालच्या बाजूने रंगाचे ओघळ जमिनीवर टपकत होते.

"हे नवीन दिसतात," महानंदा मॅडम म्हणाल्या.

सुखदाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरा माणूस मुखवटा काढून बाहेर आला. तो रविकिरण होता.

"यांना ट्रेनिंग दिलं आहे?" मॅडमनी त्याला कानडीत विचारलं.

"चालू आहे, मॅडम. आज तिसरा दिवस."

"कसं आहे काम?"

रविकिरणने एकदा सुखदाकडे पाहिलं. सुखदाने नजर हलवली नाही. यादी खरी, तर तिच्यातली प्रत्येक गोष्ट खरी. तेव्हा रविकिरणने नऊ वर्षांच्या अनुभवाने नीट विचार केला.

"माणूस कष्टाळू आहे," तो म्हणाला. "मुखवटा न सांगता घालतो. पण हात थांबतो एका जागी, म्हणून ओघळ येतात. वय झालंय, वेळ लागेल. सध्या तरी मी एकट्याला सोडत नाही."

"छान," म्हणून महानंदा मॅडमनी ते लिहून घेतलं. "नव्या माणसावर अशी देखरेख फार कमी ठिकाणी बघायला मिळते." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, आता तुमच्या जनरल मॅनेजरना भेटू. कुठे आहेत ते?"

आत बुटक्या माणसाने स्प्रेगन खाली ठेवली होती आणि तो काचेतून रविकिरणला खुणेने विचारत होता, की हा पंप तरी चालेल का.

रविकिरणने मान हलवली. नाही. पुन्हा करा.